लाल फेस

वसमतहून शाळेकडं येताना फाल्गुनात
रस्त्याच्या दोन्ही अंगांना हळद वाळत असते.
बस मधून जाते, जपून,
निजलेल्या पाहुण्याच्या अंथरुणाकडेनं जावं तशी.

शाळेत दोन खोल्या, एकेचाळीस लेकरं
आणि भिंतीवर तक्ता : हात धुण्याच्या सात पायऱ्या.
तक्त्यातल्या पोराचे हात गुलाबी आहेत.
असे हात आमच्या गावात कुणाचेच नाहीत,
नुकतं जन्मलेलं लेकरू सोडलं तर.

पाच लिटरचा तेलाचा डबा लिंबाला टांगलाय,
बुडाशी खिळ्यानं पाडलेलं भोक, भोकात काडी.
साबण माझ्या जुन्या मोज्यात, गाठ मारून.
उघडा ठेवला की कावळा नेतो.
तीन वड्या नेल्या आत्तापर्यंत.
त्याचं घरटं गावात सगळ्यात स्वच्छ असणार,
असं अयोध्याबाई म्हणतात, खिचडी ढवळता ढवळता.

मी रोज विचारायचो, धुतले का?
एकेचाळीस गळे एकदम : धुतलेऽऽ
आणि हात कोरडे ठणठणीत.
तय्यब तर चड्डीला पुसून दाखवायचा,
न धुताच पुसायचा,
म्हणजे अर्धं काम झालं, असं त्याचं गणित.
मी जंतू सांगितले. डोळ्यांना दिसत नाहीत, म्हटलं.
"मग तुम्हाला कसे दिसले, गुरुजी?"
याचं उत्तर डी.एड.ला नव्हतं.

मंगळवारी शिवकन्या उशिरा आली.
दुसरीतली. हात कोपरापर्यंत पिवळे.
मी तिला पंगतीतून उठवलं. आधी धुऊन ये.
"धुतले."
खोटं बोलू नको.
"धुतले, गुरुजी. हळद हाय. निघत नाई ती."
आवाज रडका नव्हता. पत्ता सांगावा तसा.
पहाटेपासून पॉलिशच्या ढोलाजवळ बसून
आईसोबत हळकुंडं निवडली होती तिनं.
तरी मी तिला लिंबाखाली नेलंच.
मास्तर माणूस, शब्द मागं घ्यायला जड जातो.

मोजा ओला केला, तिच्या तळव्यावर फिरवला
आणि फेस लाल झाला.
ती घाबरली नाही. मीच घाबरलो,
तिचा हात धरून कुठं कापलंय ते शोधू लागलो.
"रगत नाई ते," अयोध्याबाई चुलीपासून ओरडल्या,
"साबण बघून हळद लाजती."

तोवर पंगत मोडली होती.
सगळ्यांनाच लाल व्हायचं होतं.
अयोध्याबाईंनी मसाल्याच्या डब्यातली चिमूट चिमूट वाटली,
आणि जिथं साबण पोचला तिथं लाल,
बोटांच्या बेचक्यात पिवळं,
नखांच्या कडेला पिवळं,
अंगठा तर जवळजवळ सगळ्यांचाच विसरलेला.
तय्यब आपल्या अंगठ्याकडं बघत राहिला,
हजेरीत नाव असून कधी शाळेत न आलेल्या पोराकडं बघावं तसा.
"हितं राहिलं की."
पुन्हा घासलं. पुन्हा.
डब्यातलं पाणी संपलं, दोघं हापशाकडं पळाले.
खिचडी गार झाली.

मग शिवकन्या माझ्यापुढं येऊन उभी राहिली,
चिमटीत हळद.
"गुरुजी, तुमचे?"
नऊ वर्षं मी इथं डबा खातोय.
चमच्यानं खातो, म्हणून धूत नाही,
हे कुणाच्या लक्षात आलं नसेल, असं मला वाटायचं.
मी हात पुढं केले. तिनं हळद चोळली,
लग्नघरातल्या बाईसारखी, मन लावून.
मग मी घासले. सातही पायऱ्या.
ती वाकून तपासत होती.

"अंगठीखाली पिवळंच हाय."
घट्ट झालीय, म्हटलं. निघत नाही.
तिनं क्षणभर माझ्याकडं पाहिलं.
"निघत नाई ती," असं सगळ्यांना सांगितलं,
आणि मला पंगतीत बसवलं,
तय्यबच्या शेजारी.