अर्धी गोळी

लनेलीत आले तेव्हा गावाचं नावच नीट म्हणता येईना.
जीभ टाळूला टेकव आणि कडेने वारा सोड, ग्विलिम सांगायचा,
आणि मी त्याला शिकवायचे माझ्या आडनावातला ळ.
मळेकरचं मलेकर, मग मरेकर,
शेवटी नुसतंच सिस्टर.
दर तीन महिन्यांनी हे असं,
त्याच्या दंडावरची पट्टी फुगत असताना.

कथिलाच्या पत्र्यांच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढलेला माणूस.
बायको मॉर्विद, शाळेत मुलांना जेवण वाढणारी.
दोघंही आमच्या चाचणीत.
खिडकीत फर्नच्या कुंडीशेजारी दोन बाटल्या,
गोळ्या एकसारख्या, पांढऱ्या, तुकतुकीत.
कुणाला अ‍ॅस्पिरिन, कुणाला खडू,
ते ठरवलं होतं कार्डिफच्या एका यंत्राने
आणि पाकिटांवर लाख लावून ठेवलं होतं.
मलाही ठाऊक नव्हतं. ठाऊक नसणं
हीच माझी नोकरी होती.

आपल्याकडे रक्ताचं पाणी करतात ते कष्टाने.
इथे म्हणे रक्त थोडं पातळ असलेलं बरं,
गुठळी होत नाही, हृदय चालू राहतं.
पण पातळ रक्ताला वाट सापडली
तर ते थांबतही नाही, पोटात, डोक्यात.
एका हाताने द्यायचं, दुसऱ्याने काढून घ्यायचं.
किती दिलं नि किती नेलं,
तेवढंच मोजायला हजारो म्हातारी माणसं
रोज सकाळी एक गोळी गिळत होती.

चौथ्या वर्षी, फेब्रुवारीत, मॉर्विदला रक्ताची उलटी झाली.
इस्पितळाने रात्रीच तिचं पाकीट फोडायला लावलं.
खडू.
खडूने कुठे रक्त येतं? डॉक्टर म्हणाले,
येतं, मळेकर, वय झालं की असंही येतं,
म्हणून तर दुसरा गट ठेवतो आपण.
मी तिला खडूच्या रकान्यात मांडलं.
सही केली. तारीख घातली.

मार्चमध्ये ती घरी परतली, निम्मी होऊन.
ग्विलिमने चहा केला, फार कडक,
आणि पाव कापायची फळी माझ्यासमोर ठेवली.
लाकडात एक बारीक खाच होती,
वर्षानुवर्षं एकाच जागी सुरी टेकवल्याची.
म्हणाला, आम्ही वाटून खायचो.
दोन्ही गोळ्या मधोमध कापायच्या,
अर्धी तिच्यातली मला, अर्धी माझ्यातली तिला.
एकालाच खरी मिळाली असली
तर एकट्याने मागे राहून करायचं काय?

मी कपाकडे बघत राहिले.
गोळीवरची ती तुकतुकी शोभेची नसते.
जठर ओलांडेपर्यंत गोळी मिटून राहावी
म्हणून घातलेला तो अंगरखा.
माहितीपत्रकाच्या चौथ्या पानावर होतं, मोडू नये.
चौथं पान मी त्यांना वाचून दाखवलं होतं का?
दाखवलं असणार.
त्या दिवशी बाहेर पाऊस होता,
शेवटची बस पाचला होती.

सिस्टर, त्याने विचारलं, माझ्या बाटलीत काय होतं?
त्याचं पाकीट उघडायला चौदा महिने बाकी होते.
मी म्हटलं, माहीत नाही,
आणि ते खरं होतं,
आणि त्याने माझ्याकडे पाहिलं ते
पत्र्यातला पोचा शोधावा तसं.
आतल्या खोलीतून मॉर्विद हाक मारत होती,
बिस्किटं कुठल्या डब्यात आहेत ते सांगत होती.

फॉर्मवर लिहिलं: नियमभंग. सहभागी दोन.
कारणासाठी एकच ओळ होती.
खूप वेळ पेन धरून मी लिहिलं, लग्न.
आठवड्याने कार्डिफहून परत आलं,
असं कारण यादीत नाही,
कृपया दिलेल्यांपैकी एक निवडावे.
मी यादी वरून खाली वाचली.
विसर, गैरसमज, प्रवास, बाटली हरवली.
शेवटच्या चौकोनात खूण केली:
इतर.