दाब आणि जागा

भट्टीतून चादर काढली की हाताशी
जेमतेम दीड मिनिट.
दुधी प्लास्टिक आरपार दिसायला लागलेलं,
तेवढ्यात साच्याला लपेटायचं, चरचरत.

साचा म्हणजे प्लास्टरची प्रणोती तांडेल,
वय तेरा, खारदांडा,
डोकं नाही, हात नाहीत,
काखेपासून कमरेच्या हाडापर्यंतची.
कणा उजवीकडे अडतीस अंश, आणि नुसता कललेला नाही,
पिळलेलाही.

मी तिला कानस लावतो.
फासळ्या मागे उसळल्यात तिथून
दोन सेंटिमीटर उतरवतो.
समोर डाव्या अंगाला ओलं प्लास्टर थापून
उलट फुगवटा देतो.
परळचा नवा पोरगा विचारतो,
हे वाढवताय कशाला?
अरे, उजवीकडून ढकललेलं
जाणार कुठे मग?

तिच्या बापाला तीन बिंदू शिकवावे लागले नाहीत.
दांड्याला होड्या सांधतो तो.
एक रेटा इथून, दोन टेकू पलीकडून,
वर काखेखाली, खाली कमरेपाशी,
बोटांनी हवेत दाखवलं त्यानेच.
मग म्हणाला,
“पन फली शिकंजा काढला का परत फिरते.”

फिरते.
म्हणून वीस तास, रोज.
फळी वाढत नाही, हाड वाढतं.
ज्या बाजूचा भार उतरवाल
तिकडे जरा जास्त.
उंची थांबेपर्यंत आपण मणक्यांशी
एवढंच बोलू शकतो.

प्रणोती तेव्हा गप्प होती.
पट्टे आवळताना, “श्वास घे,” म्हटलं
तर डावीकडच्या पोकळीत घेतला तिने,
बरोबर जिथे जागा ठेवली होती.
कुणी सांगितलं नव्हतं.

आतल्या एक्स-रेत एकवीस.
बाप हसला. मी नाही.
काढल्यावर किती उरेल
ते दोन वर्षांनी कळेल, किंवा तीन.
पट्ट्यावर पेन्सिलने खूण केली: इथपर्यंत आवळायचं.
कातडीवरचा लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही
तर घेऊन या.

दारातून वळली, आख्खीच वळली,
कंबरेतून वळता येईना म्हणून.
“वीस म्हणजे चार माझे ना?
कुठले, ते मी ठरवणार.”

पुढच्या खेपेला कवच उघडलं
तर डाव्या पोकळीतून
घडी घातलेली दहाची नोट पडली
आणि आवळासुपारीची पुडी.
तिथे काही ठेवायचं नसतं, म्हटलं,
ती जागा तुला सरकायला आहे.

“सरकतेय की,” म्हणाली,
आणि पुडी माझ्यापुढे धरली.