पानातलं

उद्या पहाटे चारला एन्टेबेची गाडी.
आज सकाळपासून जिंजातल्या या मागच्या अंगणात
नालोंगो केळीची पानं आगीवरून फिरवते आहे,
एकेक पान मऊ, काळसर, आज्ञाधारक होईतो.

आपल्याकडे पानावर वाढतात.
इथे पानात.
दाण्याचं कूट, धुरावलेली मासळी, घडी, गाठ,
आणि मग तीन तास कुणी उघडून बघायचं नाही.

वसू, बारा वर्षांपूर्वी तुझ्या लग्नाला
मी आले नाही.
तेही असंच बांधून ठेवलेलं आपण,
फक्त खाली जाळ नव्हता.

पाहुणीनेही काही करावं म्हणून
मी भरल्या वांग्यांना बसले.
बाजारातली वांगी पांढरी, अंड्याएवढी, कडवट.
चिंच वास्वाने कुठून पैदा केली कोण जाणे.
नालोंगोने माझं सारण चाखलं, हसली, लेकाला काही बोलली.
"आई म्हणते, दाणे दोघींचे तेच.
तू भाजीच्या पोटात लपवतेस, एवढंच."

चटईवर बसलो. प्रत्येकापुढे एक पुडी.
किसाक्येने मोजलं : माणसं पाच, पुड्या सहा.
सहावी वास्वाने आपल्याजवळ ओढून घेतली,
जुळ्या भावाची,
आणि मटोकेचा गोळा मोडायला लागला.
मीही काही विचारलं नाही.

गाठी सुटल्या. वाफ
धुरकट, हिरवी, थोडी सरोवराची.
बोलता बोलता, न बघता,
तू माझ्या पानातला काटा काढून बाजूला ठेवलास,
जसे मी तुझ्या ताटातले काढायचे.
माफीबिफी कुणी मागितली नाही.

माझी वांगी कडूच राहिली.
नालोंगोने तीन खाल्ली.

शेवटी मी गुडघे टेकले, तिथल्या बायका टेकतात तसे,
मोडके कुरकुरले, आणि पाठ केलेलं म्हटलं :
वेबाले ओकुफुंबा. रांधलंस, आभार.
तिचं उत्तर ठरलेलं असतं म्हणे :
वेबाले ओकुल्या.
जेवलीस, तुझे आभार.

आपल्या घरी, वसू,
जेवल्याबद्दल कुणाचे आभार मानलेले आठवतात का तुला?

रात्री बॅग वजनकाट्यावर चढवली. दाण्याच्या लगद्यासाठी
चपला काढून ठेवल्या.
गोडा मसाल्याचा डबा तिथेच राहू दिला, तुझ्या मिठाशेजारी.
रिकामा धाडू नकोस, म्हणाले. स्वतः घेऊन ये.

झाकणावर आईचं नाव कोरलेलं आहे.
किसाक्ये झोपायचं सोडून
त्या न कळणाऱ्या अक्षरांवरून
बोट फिरवत होती.