खात्रीचा रकाना

आमच्या रजिस्टरला पाच रकाने आहेत:
तारीख, जागा, पक्षी, किती,
आणि शेवटचा, खात्री.
तो मी आखलाय, लाल शाईनं,
कारण सावद्याच्या शाळेत मी प्रयोगशाळा सांभाळते
आणि मोजमापात लाजायचं नसतं
हे मुलांना मीच सांगते.

गुरुवारी सातला आम्ही तिथंच जमतो,
बरणीतल्या बेडकासमोर.
केळीची गाडी भरून झोपे येतात, बोटांना चीक तसाच.
औषधांचं दुकान बंद करून हेमलता.
आणि भंगाळे अण्णा, एसटीतून निवृत्त,
हतनूरच्या पाण्यावरचे थवे अजून
गाडीतली माणसं मोजावीत तसे मोजतात:
"चक्रवाक. चाळीस बसलेले, अकरा उभे,
एक फुकट्या."
फुकट्या म्हणजे थापट्या बदक, त्यांच्यात घुसलेलं.

कुणी म्हणतं, यंदा पट्टकदंब उशिरा आले.
कुणी म्हणतं, आपणच उशिरा गेलो.
धरणाचं पाणी चढलेलं, चिखल उघडा पडला नाही,
तर तुतवार उतरणार कुठं?
शेव संपते. कांदा उरतो.

परवा कॉलेजचा एक मुलगा जुनी पानं उतरवून घेत होता.
त्यानं मोठ्यानं वाचलं:
अकरा जानेवारी, लंगडा आंबा, रानपिंगळा, एक.
खात्री: हो.
खाली पाच सह्या.

नऊ वर्षं झाली त्याला.
भंगाळे अण्णा खोकले.
"माही सही खोड त्याच्यावरची.
मले दिसला नव्हता."

पंखा फिरत राहिला.
"चार तास चाललो होतो," अण्णा म्हणाले,
"सुभान तडवीचा हात भरून आला दाखवून दाखवून.
तुम्ही सगळे हो हो म्हणाले.
मंग मी काय, नाही म्हणू?"

मला आठवतो तो हात.
पोराला गावाची वेस दाखवावी तसा लांब केलेला,
"ते पाहा ना भो, तिसरी खांदी,
वाळल्या पानाच्या बगलेले."
दुर्बीण एकीकडून दुसरीकडे गेली.
झोपे म्हणाले, "वा."
हेमलतेचा आवाज एकदम बारीक झाला,
देवळात होतो तसा.
मग माझ्या हातात आली.

मला पान दिसलं होतं.
सागाचं, मोठं, कडेनं जळल्यासारखं,
वाऱ्यानं थोडं वळलं
तेव्हा मी त्याला मान दिली.
डोळे मात्र
अजून देता आले नाहीत.

मी अण्णांची सही खोडली.
सरळ एक रेघ, खालचं नाव वाचता यावं अशी.
त्याच्या शेजारी माझी, निळ्या शाईत,
तेव्हाचं गोल वळणदार अक्षर.
"मग आता चार ना, मॅडम?" मुलानं विचारलं.
मी म्हणाले, "चार."
बेडूक बरणीत होता तसाच होता.

रविवारी हतनूरला धुकं.
झोपे थर्मास शोधत होते, तो गाडीतच राहिला होता.
अण्णा दुर्बिणीला डोळा लावून किती तरी वेळ.
"काय दिसतंय?"
"पाणी."
पुन्हा बराच वेळ.
"टिटवी. एक."
मी पेन काढलं. "खात्री?"
"थांब की. उडू दे."

ती उडाली, ओरडली,
धरणावरच्या सगळ्यांना ऐकू गेली.
"लिही आता," अण्णा म्हणाले
आणि डोळा चोळत बाजूला झाले,
वृद्ध, खुश,
एका टिटवीवर.

सुभानचा फोन येतो अधूनमधून.
रेंज जाते, शब्द अर्धे पोचतात.
काल म्हणाला, या ना एकदा, तो आहे अजून तिथंच.
मी म्हणाले, येऊ.
तीच ना, तिसरी खांदी?
फोनमध्ये वारा वाजत राहिला.
मग तो म्हणाला,
खांदी तर पडली मागच्या पावसाळ्यात.
पाखरू आहे.