रविवार धरून

कोठीच्या कचेरीबाहेर, पार्किंगच्या भिंतीला लागून
माझं टेबल, माझं मशीन.
एकतीस वर्षं मी ऐकतो मराठीत, टाइप करतो गुजरातीत,
आणि मधल्या मध्ये जे सांडतं
त्याचे पैसे कुणाकडून घेत नाही.

विजया निकुम आली ती चपला लांब काढून.
म्हटलं, घाला बाई, इथं काचा असतात.
पिशवीतून तिनं काढलं पाकीट,
पाकिटातून प्लास्टिक,
प्लास्टिकमधून घड्यांवर विरलेला कागद :
दिवस भरले, दोनशे एकोणचाळीस.
उद्यापासून कामावर येऊ नये.

दिवस भरले, असं आपल्यात
पोटुशीला म्हणतात, नाहीतर मरणाऱ्याला.
मकरपुऱ्याच्या कारखान्यात त्याचा
तिसरा अर्थ निघतो.

“दोनशे एकोणचाळीसच का, काका?
चाळीस का नाही?”

मी म्हटलं, चाळिसाव्या पायरीवर कायदा बसलेला असतो.
म्हातारा आहे, डुलक्या घेतो.
पण कुणाचा पाय लागला की उठावंच लागतं त्याला,
विचारावं लागतं : नोटीस कुठे? भरपाई कुठे?
म्हणून मालक एक पायरी आधी जिना कापतो.

ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता
माझ्या पेनचं टोपण फिरवून घट्ट करत होती.
खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या,
मिनिटाला बावीस झाकणं.

पगाराची चिठ्ठी?
“देत नाहीत.”
ओळखपत्र?
“गेटवर काढून घेतलं.”
पीएफचा नंबर?
“ठेकेदाराच्या तोंडात आहे.”

दुसऱ्या दिवशी ती गफूरभाई दीवानला घेऊन आली.
शटल रिक्षा त्याची, आणि सीटखालची तेलकट वही
महिन्याच्या उधारीची.
‘निकुमबेन’ पुढे उभ्या रेघा, पाचवी आडवी,
पाऊस असेल तिथं शाई पसरलेली.
आम्ही तिघांनी मोजल्या. मग परत मोजल्या.
दोनशे एकोणचाळीस.

कंपनी एका दिवसानंही खोटं बोलली नव्हती.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग गफूरभाईनं खिशातून पेन काढलं,
खाली बघत विचारलं, “एक लीटी खेची आपूं?”
एक रेघ ओढून देऊ?

मी वही मिटली.
तिला विचारलं, रविवारचा पगार मिळायचा?
“मिळायचा. कधी कधी कापायचे.”
मग रविवार कुठे गेला?
“रविवारी काम कुठं होतं, काका?”
काय करायचात रविवारी?

“केस धुवायचे. तरी सिरपचा वास जात नाही.
दुपारी पडले की बोटं आपोआप फिरायची,
चादरीचं टोक पिळून ठेवायची.
मुलगी हसायची.”

पगारी सुट्टी मोजायची असते, बाई.
आराम मालकाची भीक नाही, कामाचाच भाग आहे.
हे मी इतक्या जणांना सांगितलंय
की सांगताना आता आवाज चढत नाही.
पण गफूरभाईनं वही पुन्हा उघडली,
आणि रेघांमधल्या मोकळ्या जागेकडे
पहिल्यांदा पाहावं तसं पाहिलं.

तेहतीस रविवार पगाराचे, बाकीचे कापलेले.
मी टाइप केलं :
रविवार धरून, दिवस दोनशे बहात्तर.
दोन कार्बन घातले होते.
तिसऱ्या प्रतीत आकडा फिका उमटला,
तो तिनं नखानं चाचपून पाहिला.

निकाल काय लागेल, मला माहीत नाही.
साहेब रजेवर जातात, फाइल खालच्या कपाटात जाते,
समोरचा वकील तारखेमागून तारीख घेतो.
पहिली तारीख मिळाली, मंगळवार.

ती आता दुसरीकडे लागलीय, पापडाच्या पॅकिंगला.
तारखेला यायचं तर तिथला एक दिवस बुडणार.
निघताना तिनं तोही मोजला,
अंगठा पेरांवर ठेवत, ओठ हलवत,
आणि चपला घालून
काचा चुकवत गेली.