हेतूचा रकाना

शाळेच्या व्यायामशाळेत सभा. भिंतीवरच्या शिड्यांना ओले कोट टांगलेले,
थर्मासमध्ये कॉफी, खिडकीबाहेर खाडी,
आणि खाडीवर दुपारपासून बसलेलं धुकं.

मी चिटणीस. माझ्यापुढं रेघा मारलेली वही:
कोण बोललं, काय बोललं, अनुमोदन कुणाचं.
का बोललं, असा रकाना तिच्यात नाही.
सत्तावीस वर्षांत कुणी मागितलाही नाही.

त्रोन्दुर उठला. टोपी काढून छातीशी धरली.
आमच्या आजोबांनी होड्या लोटल्या
त्या कुणाला विचारून नव्हे, म्हणाला.
मग आपल्याच पाण्यात सामन माशांचे पिंजरे टाकायला
तोर्शाव्हनच्या कारकुनाची सही कशाला?
स्वातंत्र्य, म्हणाला. आणि त्याच दमात, पिंजरे.
अकरा वेळा स्वातंत्र्य. मी मोजलं,
मग बोटं दुखली, मोजणं सोडलं.

त्याचा मेहुणा जाळी विकतो.
हे गावातल्या मेंढ्यांनाही ठाऊक आहे.

सुन्वा बसल्या जागेवरूनच ओरडली,
"पाणी कुठं मुरतंय ते सांग आधी!"
हशा. अध्यक्षांनी चमचा कपावर वाजवला:
हेतू विषयपत्रिकेवर नाही.

तेव्हा याल्ग्रीम उभा राहिला, गुडघे धरत.
कुरणाच्या बांधावरून त्रोन्दुरशी
त्याचं नऊ वर्षं बोलणं नाही.
"बोलू द्या त्याला," म्हणाला.
"मेहुणा जाळी विकतो म्हणून
कारकुनाचा कायदा शहाणा ठरत नाही.
आणि कायदा मूर्ख आहे म्हणून
मेहुणा काही दानशूर होत नाही.
मी विरुद्ध मत देणार आहे.
पण ऐकून."

कुणी टाळी वाजवली नाही. कुणीतरी शिंकलं.

मग सुन्वा निसर्गावर बोलली, सुंदर बोलली,
सील, पाणकावळे, नातवंडं.
तिच्या अतिथीगृहाच्या खाडीकडच्या खोल्या
मागच्या खोल्यांच्या दुप्पट भाड्याच्या.
पाणी कुठं मुरतंय, तिला कुणी विचारलं नाही.
मीही नाही. मी लिहीत होते.

हात वर करा, अध्यक्ष म्हणाले.
चिटणिसालाही मत असतं, हे लोक विसरतात.
पेन खाली ठेवलं.
बाजूनं एकेचाळीस, विरुद्ध एकोणतीस.
माझा हात नसता तरी चाललं असतं.

घरी आल्यावर पक्की प्रत काढायला बसले.
त्रोन्दुरची अकराही स्वातंत्र्यं उतरवली,
एकही गाळलं नाही; तो त्याचा हक्क आहे.
सुन्वाचे पाणकावळेही.
मग पट्टी घेतली, समासाच्या आत
पेन्सिलीनं एक रेघ ओढली: नवा रकाना.
सुरुवात कुणापासून करायची?
त्रोन्दुरचं सगळ्यांना माहीत. सुन्वाचंही, म्हटलं तर.

पहिलं नाव माझंच लिहिलं.
समोर, मुलगा कोपनहेगनला, सहा वर्षं.
पिंजरे आले तर कामं निघतील, निघाली तर तो,
असं काही लिहायला नको होतं.
नुसतं होग्नी लिहिलं असतं तरी पुरलं असतं.
दोनच अक्षरं.
पेन्सिलीला टोकही होतं.