डोळे वर, डोळे खाली

हिराजी मढवी, वय अठ्ठावन्न, दिवागाव, ऐरोली.
कंबरेच्या एमआरआयआधी डोळ्यांचा एक्स-रे.
कारण फॉर्मवर विचारलेलं असतं,
डोळ्यात कधी धातू गेला होता का,
आणि ते हसले, म्हणाले,
रबाळ्यात ग्राइंडरवर बावीस वर्षं काढली बाई,
कोणाच्या नाही गेला ते विचारा.

चष्मा काढा. कवळी पण.
कवळी त्यांनी रुमालात बांधली,
खाडीतला खेकडा बांधावा तशी, गाठ दोनदा ओढून.

हनुवटी टेकवा. नाक लागू दे. अजून थोडी मान मागे.
कवळी नसली की माप बदलतं,
मी पुन्हा डोकं दोन तळव्यांत धरते,
कानाच्या भोकापासून डोळ्याच्या कडेपर्यंत
मनातल्या मनात रेघ ओढते. पस्तीस अंश.
कानामागचं जाड हाड
खोबणीच्या खाली उतरायला हवं, नाहीतर सगळं पांढरं.
परक्या पुरुषाचा चेहरा इतक्या जवळून
न्हावी धरतो, आणि मी.

काचेआडून:
श्वास रोखा. डोळे वर.
खट्.
मान तशीच ठेवा. फक्त डोळे खाली.
खट्.

एक्स-रेमध्ये डोळे येत नाहीत.
हे पहिल्या वर्षी मला कोणी सांगितलं नव्हतं.
दोन खोबण्या येतात, त्यांचे काठ येतात,
नाकाचा पडदा, कपाळातली हवा.
ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, त्याची जागा मोकळी.

डाव्या खोबणीत तांदळाची कणी.
ते वर बघत होते तेव्हा ती खाली,
खाली बघितलं तर वर.
प्लेटवरचा डाग असता तर हलला नसता.
उलटी गेली,
म्हणजे मागे आहे, पडद्यापाशी.
म्हणजे मी सांगितलं तेव्हा
त्यांनी खरंच वर बघितलं होतं, त्या कोऱ्या प्लेटकडे,
नाक चेपलेलं असताना.
त्यांच्या नजरेचा एवढाच पुरावा, आणि तोही लोखंडाचा.

वर फोन लावते: मढवींना चुंबकात घेऊ नका.

त्यांनी कवळी बसवली, शर्टाची कॉलर नीट केली.
काय दिसलं?
रिपोर्ट डॉक्टर देतील, काका.
सलत तर कधीच नाही, ते म्हणाले,
आणि डावा डोळा उगीच चोळला.
नका, मी म्हणाले, जरा मोठ्यानेच.

प्लेटवर नाकाचा आणि हनुवटीचा ओला ठसा.
स्पिरिटचा बोळा हातात घेऊन
मी त्याच्यासमोर उभी.